भिंतीला लावलेला कागद

बाईंच्या घरी पहिल्या रविवारी मी कागदाला भोकं पाडायचा टोचा टेबलावर ठेवला, तर तो घरंगळत कडेपर्यंत गेला आणि खाली पडला. उचलून पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. समोर बसलेल्या बाई कागदाचे ताव सारखे करत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "टोचा असा मोकळा ठेवायचा नसतो. तिथे बूच आहे, त्यात खोचा." मग मात्र त्या वाकल्या, टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला आणि म्हणाल्या, "फरशी जुनी झाली आहे. आमच्यासारखीच."

त्या पायाखाली आधीपासूनच एक-दोन तुकडे होते. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

मी मूळची अमरावतीकडची. लग्न करून पुण्यात आले, कर्वेनगरला राहते, आणि एका कंपनीत लोकांच्या पगाराचं काम बघते. म्हणजे दिवसभर स्क्रीन. हाताला काही लागत नाही, संध्याकाळी बोटं नुसतीच दुखतात. रविवारी सकाळी नवरा मुलीला पोहायला घेऊन जायचा आणि मी घरात एकटी असायची. तेवढ्यात किराणा दुकानाच्या काचेवर एक कागद दिसला. सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'हाताने पुस्तक बांधायला शिकवले जाईल. वेळ पाळणाऱ्यांनीच चौकशी करावी.' खाली कोथरूडचा पत्ता.

बाई सत्तरी ओलांडलेल्या. एका कॉलेजच्या लायब्ररीत त्यांची नोकरी झाली, आणि तिथे फाटलेली पुस्तकं दुरुस्त करता करता त्या बाइंडिंग शिकल्या. मी त्यांना काकू म्हणाले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मी आपली काकू नाही. शिकायला आला आहात ना? मग बाई म्हणा." त्यांचे यजमान आतल्या खोलीतून हसले. त्यांना मात्र काका म्हटलेलं चालायचं. काका पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. बरीचशी नोकरी खडकवासल्याच्या कालव्यावर झाली होती. उंच, शांत, आणि शर्टाच्या खिशात कायम एक छोटा टॉर्च.

त्यांची इमारत आतल्या गल्लीत होती. तीन मजली, बिनलिफ्टची, आणि हे दोघं तळमजल्यावर. शेजारची तशीच इमारत रिडेव्हलपमेंटसाठी पाडून झाली होती. तिथे आता हिरवे पत्रे उभे होते, आणि पत्र्यांवर तरणतलावात पाय सोडून बसलेल्या कुटुंबाचं मोठं चित्र. पत्र्यांच्या पलीकडे पोकलेन चालायचं. रविवारीसुद्धा.

पहिल्या दिवशी आम्ही फक्त घड्या घातल्या. आम्ही तिघी होतो. मी, एक निवृत्त प्राध्यापिका आणि एक डायऱ्या बनवून विकू पाहणारी तरुणी. कागदाला अंगचा एक कल असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. एका बाजूने तो सहज दुमडतो, दुसऱ्या बाजूने दुमडला की घडीवर चरे पडतात. कल ओळखायला बाईंनी कागदाचा तुकडा जरासा ओला करून आमच्या तळहातावर ठेवला. तो हळूहळू आपोआप वळला आणि नळी झाला. "हे न बघता पुठ्ठा चढवलात तर पुस्तक वाकडं होतं," बाई म्हणाल्या. "आज नाही. महिन्याभराने. तोवर तुम्ही भेट म्हणून कोणाला तरी देऊन बसलेले असता." मग हाडाच्या पट्टीने घडी दाबायची, एकात एक ताव घालायचे, आणि असे जुडगे रचत जायचे. खिडक्या लावलेल्या होत्या, तरी टेबलावर सारखी बारीक लाल धूळ बसत होती. दर थोड्या वेळाने बाई ती ओल्या फडक्याने पुसत होत्या.

दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी शिवण सुरू झाली. दोऱ्याला मेण लावायचं, टोच्याने घडीवर भोकं पाडायची, जुडग्याच्या पोटातून सुई घालून बाहेर काढायची आणि टोकाशी खालच्या जुडग्याला अडकवून गाठ मारायची. माझी गाठ सैल राहायची. बाई माझं बोट धरून दोरा किती ओढायचा ते दाखवत असताना काका आतून आले.

"अगं, तुझा तो पतंगाचा कागद कुठे आहे?"

"कशाला?"

"थोडा हवाय. आणि जराशी खळ."

"अहो, तो फाटलेली पानं जोडायला आणलेला आहे. चांगला कागद आहे."

"मला पण जोडायचंच आहे काहीतरी," काका म्हणाले.

बाईंनी कपाटातून पांढरा, चुरचुरणारा पतंगाचा कागद काढून दिला. खळ गॅसवरून नुकतीच उतरवली होती. मैदा पाण्यात कालवून, मंद आचेवर ढवळत, गुठळी होऊ न देता शिजवलेली, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली. काका वाटीत खळ घेऊन गेले. मी हात धुवायला आत गेले तेव्हा मला मागच्या बेडरूममध्ये ते दिसले. खिडकीच्या कोपऱ्यापासून जमिनीकडे तिरकी उतरणारी एक चीर होती आणि ते तिच्यावर कागदाच्या बोटभर रुंद तीन पट्ट्या आडव्या चिकटवत होते. प्रत्येक पट्टीच्या कडेला पेन्सिलीने तारीख लिहीत होते.

"हे कशासाठी काका?"

"ही चीर जुनीच असेल तर काळजी नाही," ते म्हणाले. "पण वाढत असेल तर कळायला हवं. काचेच्या पट्ट्या लावतात खरं तर. हा कागदही चालतो. वाळला की ताणून बसतो. भिंत जराशी हलली तरी फाटेल."

"आणि फाटला तर?"

"तर दुसरा लावायचा."

हे ते हसण्यासारखं बोलले, पण हसले नाहीत. खिडकीबाहेर, सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीपलीकडून पोकलेनच्या दातांचा दगडावर खरवडल्याचा आवाज येत होता. मी ओले हात तसेच धरून उभी होते.

पुढच्या रविवारी सगळ्यात वरची पट्टी फाटलेली होती. ब्लेडने कापल्यासारखी सरळ. त्याच्या पुढच्या रविवारी तिन्ही. काकांनी शेजारी नव्या लावल्या. मग जिन्याच्या भिंतीवर लावल्या, मीटरच्या पेटीशेजारी लावल्या, स्वयंपाकघरात ओट्याच्या वर लावल्या. आमच्या टेबलाच्या पायाखाली बाईंनी आणखी एक पुठ्ठा सरकवला. आतल्या बाथरूमचं दार लागेनासं झालं. ते वरच्या कोपऱ्यात अडायचं आणि खाली फट राहायची.

प्राध्यापिकाबाईंनी ते दार पाहिलं, त्या पट्ट्या पाहिल्या, आणि नंतर गुडघे दुखतात असा फोन आला. डायऱ्यावाली मुलगी त्यानंतर एकदाच आली. त्या दिवशी ब्रेकर सुरू झाला आणि टेबलावरच्या वाटीतल्या खळीवर बारीक वर्तुळं उठू लागली. ती कितीतरी वेळ त्या वाटीकडेच बघत बसली. परत आली नाही. "बरं झालं," बाई म्हणाल्या. "दोघींचीही घडी कधी जुळत नव्हती."

माझी जुळत होती म्हणून मी गेले असं नाही. घरी नवरा म्हणायचा, "कशाला जातेस तिकडे? दुसरा क्लास बघ." मी बघते म्हणायची. पण आठवडाभर ऑफिसात बसून मला त्या दोघांची काळजी लागून राहायची. रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडी वळवताना मी आधी इमारत जागेवर आहे का ते बघायची. ती दिसली की गाडी लावायची, आणि आत जाण्याआधी जिन्यातल्या किती पट्ट्या फाटल्या ते मोजायची.

एकदा काका मला गच्चीवर घेऊन गेले. "खालून पत्रे आहेत, दिसत नाही," म्हणाले. वरून दिसलं. मी एवढा मोठा खड्डा शहरात कधी पाहिला नव्हता. जमिनीखाली दोन मजली पार्किंग होणार होतं. आमच्या कुंपणाच्या भिंतीपासून हातभर जागा सोडली होती आणि तिथून जमीन सरळ उभी कापली होती, केक कापावा तशी. वर लाल माती, खाली पिवळसर मुरूम, त्याखाली काळा दगड. तळाशी साचलेल्या पाण्यात मोटर लावली होती. आणि आमच्याच बाजूच्या त्या उभ्या कापाच्या पायथ्याशी, ऊन लागत नाही म्हणून, कामगारांनी पत्र्याच्या आणि निळ्या ताडपत्रीच्या झोपड्या बांधल्या होत्या. लोखंडी सळ्यांवर साड्या वाळत होत्या.

"याला आधार द्यायला हवा होता," काका म्हणाले. "खणायच्या आधी. आता मुरूम कोरडा आहे म्हणून उभा आहे."

"ओला झाला तर?"

काकांनी बोटाने नुसती आमच्या कुंपणाची भिंत दाखवली. भिंतीला लागून आतल्या बाजूने पाण्याची मोठी लोखंडी लाइन गेली होती, आणि तिच्या कडेला सोसायटीच्या लोकांच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. माझीही.

काका साइटवर जाऊन बोलले होते. तिथला सुपरवायझर त्यांच्याशी फार अदबीने वागला. "काका, टेन्शन नका घेऊ. आधाराचं शोअरिंग प्लॅनिंगमध्ये आहे. आमचे कन्सल्टंट आहेत." त्यांनी जिथे द्यायचा तिथे अर्ज दिला, त्यावर शिक्का घेतला, आणि अर्जातलं वाक्य कडक व्हावं की मऊ यावरून घरात बाईंशी वाद घातला. बाईंचं म्हणणं, मऊ अर्ज कोणी वाचत नाही. काकांचं म्हणणं, कडक अर्ज बाजूला ठेवतात.

नंतरच्या रविवारी मी पोचले तर जिन्यातल्या सगळ्या पट्ट्या गायब. फाटलेल्या नव्हत्या. कोणीतरी नखाने सोलून काढल्या होत्या, भिंतीवर खळीचे पांढरे डाग राहिले होते. काका जिन्याच्या खालच्या पायरीवर टॉर्च घेऊन उभे होते आणि त्यांच्यासमोर सोसायटीचे सेक्रेटरी. पहिल्या मजल्यावर राहणारे, माझ्यापेक्षा थोडे मोठे, बोलायला गोड.

"काका, राग मानू नका," ते म्हणत होते. "मीच काढल्या. जिन्यातून येणारे-जाणारे घाबरतात. आपलंही रिडेव्हलपमेंट चाललंय. त्याच लोकांशी बोलणी आहेत. ते परवा मोजायला येणार, आणि जिन्यात हे असलं बँडेज बघून काय म्हणतील?"

"भिंत हलतेय," काका म्हणाले.

"अहो, इमारत पाडायचीच आहे ना आपल्याला? मग हलली तर हलू दे थोडी."

काकांचा टॉर्च चालूच राहिला होता, दिवसाउजेडी, आणि त्याचा उजेड सेक्रेटरींच्या चपलांवर पडला होता. आमच्या मागे दार उघडलं. बाई बाहेर आल्या होत्या.

"आपण जिन्यात कपडे वाळत घालता," त्या सेक्रेटरींना म्हणाल्या, "त्याने कोणी घाबरत नाही का?"

ते वर निघून गेले. बाईंनी मला आत बोलावलं. मला वाटलं शिवण घ्यायची. पण त्यांनी गॅसवर पातेलं ठेवलं, त्यात मैद्याबरोबर थोडा सरस घातला आणि नेहमीपेक्षा घट्ट खळ शिजवली. मग कागद माझ्यापुढे ठेवला. "आज पुठ्ठा नाही. आज चिकटवायला शिकायचं. खळ मधून कडेकडे न्यायची. हवा राहता कामा नये. ब्रश आडवा." आम्ही दोघींनी मिळून पूर्ण जिना चिकटवला, तळापासून गच्चीच्या दारापर्यंत. बाईंना पायऱ्या चढताना धाप लागत होती, तरी प्रत्येक पट्टी त्या अंगठ्याने दाबून बघत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "आता नखाने निघणार नाहीत. खरवडायला सुरी लागेल, आणि त्याचा आवाज आमच्यापर्यंत येतो." त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं, त्यांना काकांचं हे सगळं आवडत नाही.

त्याच दिवशी निघताना गेटजवळच्या नळावर साइटवरची एक बाई हंडा भरत होती. माझ्याहून लहान असेल. कोणाला तरी हाक मारताना ती "कुठं चालला बे?" म्हणाली आणि माझे कान टवकारले.

"कुठल्या तुम्ही?"

"पुसदकडच्या."

"मी अमरावतीची."

ती हसली. मग हंडा बाजूला ठेवून पदराने तोंड पुसलं. मी विचारलं, खाली भीती नाही वाटत का.

"भेव लागते ना बाई," ती म्हणाली. "राती माती गळते वरून, ताडपत्रीवर. खडखड खडखड. पण मुकादम म्हणते पक्कं हाय. आन् जाव कुठं?"

मी तिला सांगितलं की झोपडी त्या दुसऱ्या बाजूला घ्या. ती म्हणाली, तिकडे रोज सिमेंट उतरते. आणि हंडा उचलून पत्र्यांमधल्या फटीतून आत गेली.

एप्रिल संपत आला होता. माझ्या पुस्तकाची शिवण पूर्ण झाली होती. कण्यावर कापडाची पट्टी लावून झाली, पुठ्ठे कापून झाले, त्यावर निळं बक्रमचं कापड चढवून झालं. आता फक्त अस्तराच्या कागदाला खळ लावून पुस्तक पुठ्ठ्यात बसवायचं आणि शिकंज्यात दाबून ठेवायचं राहिलं होतं. बाई म्हणत होत्या, हा शेवटचा भाग एका दमात करायचा असतो. खळ लावलेली वस्तू वाट बघत नाही.

पुस्तक बसवायच्या त्या रविवारच्या आदल्या दिवशी शहरात पाणी बंद होतं. दुसऱ्या दिवशी उशिरा आणि कमी दाबाने येईल असं सांगितलं होतं. आलं ते लवकर आणि जोरात. मी पोचले तेव्हा वरच्या मजल्यांवर टाक्या भरण्याचा आवाज चालू होता. माझी गाडी मी नेहमीच्या जागी कुंपणाला लावली. भिंतीपाशी जमीन ओलसर होती. कोणीतरी गाड्या धुतल्या असतील असं मला वाटलं.

बाईंनी खळ तयार ठेवली होती. मी अस्तराच्या कागदाखाली रद्दीचा कागद घातला आणि ब्रश बुडवला. त्या बाजूला उभ्या होत्या. "मधून कडेकडे," म्हणाल्या. मी अर्धा कागद भरला असेल, तेवढ्यात मागच्या खोलीतून एक आवाज आला. मोठा नव्हता. वाळलेला पापड मोडावा तसा. मग पुन्हा तसाच. मग ओळीने. पट्ट्या फाटत होत्या.

काका मागच्या खोलीतून बाहेर आले. त्यांचा चेहरा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो, कारण त्यावर काहीच नव्हतं.

"निघायचं," ते म्हणाले.

"अहो, हिची खळ लावून अर्धी झाली आहे. पाच मिनिटं."

"आत्ता निघायचं!"

बाईंवर ओरडलेले काका मी पहिल्यांदाच पाहिले. बाईंनीही बहुधा पहिल्यांदाच पाहिले असावेत, कारण त्यांनी ब्रश माझ्या हातातून घेतला, वाटीवर आडवा ठेवला आणि चप्पल न घालता दाराकडे चालू लागल्या. काकांनी गॅसचा कॉक बंद केला, मेन स्विच खाली ओढला. "तू हिला घेऊन रस्त्यापलीकडे जा," ते बाईंना म्हणाले आणि स्वतः जिना चढू लागले. प्रत्येक दारावर तळहाताने मारत. "बाहेर या! सगळे बाहेर या! काही घेऊ नका!"

बाई मला ओढत होत्या. मी गेटपाशी त्यांचा हात सोडवून घेतला. पत्र्यांमधली ती फट मला माहीत होती. मी आत डोकं घालून खाली ओरडले. काय ओरडले ते मला नंतर बाईंनी सांगितलं. माझं इथलं मराठी कुठल्या कुठे गेलं होतं. "निघा वो बाप्पा! भिंत येऊन राहिली! पोट्टे घ्या आन् पळा तिकडं!" खाली माणसं भाकरी खात बसली होती. त्यांनी वर पाहिलं. पुसदच्या बाईने मला ओळखलं. ती झोपडीत वाकली, कडेवर लेकरू घेतलं आणि दुसऱ्या टोकाकडे धावत सुटली. तिच्यामागे बाकीचे.

मी वळले तेव्हा कुंपणाची भिंत माझ्यासमोर हळूच पलीकडे झुकत होती. भिंत पडते म्हणजे धाडकन पडते असं मला वाटायचं. ही जराशी झुकली, थांबली, आणि मग तिच्यासकट जमीनच खाली गेली. गाड्या एकामागून एक गेल्या, माझीही. आवाज झाला तो एखाद्या गोदामात पोतीच्या पोती धान्य ओतावं तसा, आणि तो संपतच नव्हता. फुटलेल्या लाइनमधून पाण्याचा उंच फवारा उडाला आणि क्षणभर सगळीकडे लाल पाणी आणि धूळ. मी कोणाचा तरी दंड घट्ट धरून उभी होते. तो सेक्रेटरींचा होता.

इमारत पडली नाही. मागचा एक खांब उघडा पडला, बेडरूमखालची माती निघून गेली आणि इमारत त्या बाजूला किंचित कलली. जिन्यातून शेवटी काका उतरले, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना हाताला धरून, एकेक पायरी. त्या पाऊण जिन्याएवढं लांब काही मी आयुष्यात बघितलेलं नाही. बाई रस्त्याच्या मधोमध अनवाणी उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. काका जवळ आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "टॉर्च कुठे आहे तुमचा?"

सेक्रेटरी काकांसमोर जाऊन उभे राहिले. "काका, मी..."

"आधी पाणी बंद करायला फोन करा," काका म्हणाले. "मग बोलू." मग ते कधी बोलले की नाही, मला माहीत नाही.

खालचे सगळे निसटले नव्हते. पुसदच्या बाईचा दीर सिलिंडर काढायला मागे फिरला होता. फायर ब्रिगेडच्या लोकांनी त्याला दुपारपर्यंत बाहेर काढलं. तो जिवंत होता, बोलतही होता, पण त्याचा एक पाय वाचला नाही. मी नंतर हॉस्पिटलात त्याला बघायला गेले. ती बाहेरच्या बाकावर बसली होती, लेकरू मांडीवर झोपलेलं. तिने मला शेजारी बसायला जागा केली. "तुमचा आवाज नसता आला तं..." असं तिने अर्धवट म्हटलं आणि तोंड फिरवलं. पुढच्या वेळी गेले तेव्हा ते गावी परत गेले होते.

इमारतीला सील लागलं. लोकांना आत जायला एकदाच, थोडा वेळ सोडलं, तेही फायर ब्रिगेडच्या माणसाबरोबर. बाईंनी औषधं, कागदपत्रं आणि कपडे आणले. पुढे ती इमारत पाडली. चौकशी चालू आहे असं म्हणतात. काकांनी जबाब दिला, पुन्हा बोलावल्यावर पुन्हा दिला. सुपरवायझर मध्यंतरी दुसऱ्या साइटवर दिसला असं कोणीतरी सांगितलं.

आता ते दोघं कर्वेनगरमध्ये माझ्या घराजवळच भाड्याने राहतात. सुरुवातीला कितीतरी रविवार मी गेलेच नाही. बाईंनीही बोलावलं नाही. मग एक दिवस त्यांचा फोन आला. "आपण शिकणं सोडलं आहे का? तसं असेल तर कळवावं. मी दुसरं कोणी बघेन." मी त्याच रविवारी गेले.

नव्या घरात टेबल नाही. आम्ही हॉलच्या मधोमध सतरंजीवर बसतो. बाईंनी मला पुन्हा घडीपासून सुरू करायला लावलं. आणि या वेळी माझ्याशेजारी काका बसतात, शिकायला. ते भिंतींविषयी आता बोलत नाहीत. मीही बोलत नाही. त्यांना सुईत दोरा ओवायला वेळ लागतो. बाई त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओरडतात. "अहो, उलट्या बाजूने. किती वेळा सांगायचं?" ते मुकाट्याने उसवतात आणि पुन्हा शिवतात.

गेल्या रविवारी आम्ही असेच बसलो होतो. खाली गल्लीत एक डंपर मागे घेत होते, तो टुंय टुंय आवाज येत होता. मग साइटभोवती उभे करतात तसले पत्रे ठोकल्याचा आवाज आला. एक पत्रा, मग दुसरा. आम्हा तिघांचेही हात थांबले. बाईंनी काकांकडे पाहिलं. काका सुई खाली ठेवून उठले, खिडकीपाशी गेले, आणि पडदा थोडासा बाजूला करून बराच वेळ खाली बघत राहिले. मग ते परत येऊन बसले.

"शिवा," बाई म्हणाल्या.